मिरचीची रोपं माना टाकतायत. पाणी कमी पडतंय की जास्त होतंय?

इचलकरंजीची_ठसका | ११ मार्च

नमस्कार मंडळी. मूळ गाव इचलकरंजी, सध्या मुक्काम न्यूरेम्बर्ग, जर्मनी. घर तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनी जेमतेम एक खुर्ची मावेल एवढी.

इथल्या सुपरमार्केटातली मिरची ठेच्यात घातली तर चटणी नाही, कोशिंबीर होते. म्हणून इंडियन स्टोअरमधल्या सुक्या मिरचीच्या पाकिटातलं बी काढून २० जानेवारीला पेरलं. पाकिटावर जातबित काही नाही, नुसतं 'लाल मिरची'. नवरा म्हणाला, "पोह्यातून भात उगवतो का बघ आता." हीटरच्या वरच्या फळीवर ट्रे ठेवला आणि ३० पैकी १७ उगवली! खिडकीत ऊन पुरत नाही म्हणून वर एलईडी दिवा, रोज १४ तास.

खरा प्रॉब्लेम पुढे. चार-चार पानं आल्यावर मागच्या रविवारी सगळ्यात दणकट ६ रोपं थेट ५ लिटरच्या कुंड्यांत लावली. म्हटलं, पुन्हा पुन्हा हलवायचा ताप नको. उरलेली ११ भोकं पाडलेल्या दह्याच्या डब्यांतच आहेत. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की प्रत्येकाला अर्धा कप पाणी. मोठ्या कुंडीतल्यांनी दुसऱ्याच दिवशी माना टाकल्या, म्हणून त्यांना पाऊण कप केलं. आता खालची पानं पिवळी पडतायत आणि बारीक काळ्या माश्या झाल्यात, चहात पडतात. गंमत म्हणजे दह्याच्या डब्यातली मरतुकडी रोपं ताठ उभी आहेत!

काय चुकतंय?

---

टेरेसवाला_कोथरूड | ११ मार्च

पिवळी पानं म्हणजे नत्र कमी. चिमूटभर युरिया पाण्यात विरघळवून द्या, आठ दिवसांत हिरवीगार होतील. स्वानुभव.

---

रोपवाटिका_फलटण | १२ मार्च

ताई, युरियाच्या नादी लागू नका. टेरेसवाले साहेब, राग मानू नका, पण तुमची झाडं मोठी असतील. ही पोरं अजून पाळण्यात आहेत.

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. डब्यातली ताठ, कुंडीतली आडवी. पाणी कमी असतं तर आधी डब्यातली वाळली असती, कारण तिथं माती कमी आणि पाणी लवकर संपतं.

आमच्याकडं म्हातारी माणसं एकच शब्द विचारतात: वाफसा आहे का? मातीत ओल पण पाहिजे आणि हवा पण पाहिजे. मुळी पाण्याबरोबर हवाही घेते. ५ लिटर मातीत तुमच्या रोपाची मुळी असेल मुठीएवढ्या जागेत. बाकीची माती नुसती भिजून बसलीय, ते पाणी प्यायला तिथं कुणी नाही. वरून रोज पाऊण कप. मुळी गुदमरली की तिला पाणी ओढता येत नाही, म्हणून ओल्या मातीत उभं राहून रोप तहानेल्यासारखं मान टाकतं. माणूस बघतो, वाटतं तहान लागली, अजून ओततो. आमच्या नर्सरीत नवीन पोरगा आला की पहिल्या महिन्यात हीच चूक करतो. मी पण केलीय, एका रात्रीत आठ ट्रे टोमॅटो कोलमडला होता. देठ जमिनीलगत सुतासारखा बारीक होतो आणि रोप आडवं. हे करते ती बुरशी ओल्या, कोंदट जागेतच माजते.

ओळखायचं कसं? तहानेलं रोप पातळ, मऊ पडतं आणि कुंडी उचलली तर हलकी लागते. पाणी जास्त झालेल्याची पानं जड होऊन खाली वळतात आणि कुंडी धोंड्यासारखी. बोट खुपसून बघा, पण त्याहून उचलून बघणं खरं.

आता करायचं काय:

कुंडीतलं एक रोप हलक्या हातानं हुंडीसकट, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट, काढा. पांढरी मुळी दिसली तर घाबरायचं कारण नाही. तपकिरी, चिकट असली आणि ओढल्यावर साल निघून हातात आली तर ते रोप सोडून द्या. चांगली असतील ती परत लहान भांड्यात आणा, ८-९ सेंटिमीटरच्या. माती नवीन, भुसभुशीत, खताशिवायची. लावल्यावर एकदाच पाणी, खालून निथळेपर्यंत, आणि मग हात बांधून बसायचं. हेच बायकांना, माफ करा, कुणालाच जमत नाही.

डब्यातल्यांना आत्ता हलवू नका. डब्याच्या भोकातून पांढरी मुळी डोकवायला लागली की पुढचं भांडं, तेही एकच माप मोठं. हलवायच्या आदल्या दिवशी पाणी द्या, म्हणजे हुंडी फुटत नाही. कोरडी माती भुगा होते, चिखल असला तर मुळं तुटतात. रोप उचलायचं ते पानाला धरून. पान गेलं तर दुसरं येतं, देठ चेपला तर संपलं. आणि टोमॅटोसारखं मानेपर्यंत पुरू नका. टोमॅटोला देठातून भरपूर मुळ्या फुटतात, मिरचीला तेवढ्या फुटत नाहीत. पहिली होती त्याच पातळीला बरी.

खत पंधरा-वीस दिवस विसरा.

---

इचलकरंजीची_ठसका | १३ मार्च

दादा, साष्टांग. ६ पैकी ४ ची मुळं पांढरी, २ ची तुम्ही म्हणालात तशी साल हातात आली. त्या दोघांना निरोप दिला.

उचलून अंदाज येईना म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. ९ सेंटिमीटरचं भांडं भिजवून निथळल्यावर ३९० ग्रॅम. साधारण २३० वर आलं की पाणी, असं ठरवलंय. नवरा वहीत आकडे लिहितोय, पोह्यांवर काही बोलत नाही.

अजून एक किस्सा. आमचा दिवा जांभळा आहे, रात्री खिडकी रस्त्यावरून डिस्कोसारखी दिसते. काल जिन्यात शेजारचे आजोबा भेटले, डोळा मारून म्हणाले, "किती? तीनच ना?" मला कळेना. मग उलगडा झाला. इथे १ एप्रिल २०२४ पासून मोठ्या माणसाला घरात गांजाची तीन झाडं लावायला कायद्याने परवानगी आहे, आणि आजोबांना वाटलं मी पण त्यातलीच! मी मिरच्या दाखवल्या तर बिचारे निराश. पण त्यांच्याकडे खरंच तीन आहेत. आणि सल्ला शब्दशः फलटणचाच: छोट्या भांड्यातून मोठ्यात, आणि पाणी घालण्याआधी भांडं उचल. त्यांचं पहिलं रोपही असंच बुडून मेलं होतं म्हणे. (आईला फोनवर हे सांगितलेलं नाही. भारतात ते झाड लावणं गुन्हा आहे, ती रात्रभर झोपायची नाही.)

---

श्टुटगार्टचा_बंड्या | १५ मार्च

ताई, माश्यांबद्दल कुणी बोललंच नाही. पिशवीतल्या मातीबरोबर येतात आणि वरचा थर सतत ओला असला की तिथेच अंडी घालतात. माशी नुसता वैताग देते, अळी मात्र कोवळी मुळं खाते. वरची २-३ सेंटिमीटर माती कोरडी होऊ द्या, पाणी खालून बशीत द्या, २० मिनिटांनी बशीतलं उरलेलं ओतून टाका. पिवळे चिकट कागद लावा, माश्या मोजायला बरे. तरी हटल्या नाहीत तर बागेच्या दुकानात बीटीआयच्या गोळ्या मिळतात, त्या पाण्यात विरघळवून. तो जिवाणू अळ्या मारतो, रोपाला काही करत नाही.

आणि बाल्कनीत काढायची घाई नको. इथल्या म्हाताऱ्या ११ ते १५ मे 'बर्फाचे संत' पाळतात, म्हणजे तोवर रात्री कडाक्याची थंडी पडू शकते म्हणून कोवळी रोपं बाहेर काढत नाहीत; शेवटच्या दिवसाला थंडीची सोफी म्हणतात. मी एकदा हसलो होतो. एका रात्रीत २० रोपं काळी झाली. त्यानंतर हसत नाही. बाहेर काढताना पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवस. दिव्याखाली वाढलेलं पान थेट उन्हात पांढरं पडतं.

---

टेरेसवाला_कोथरूड | १५ मार्च

युरियाचं मागे घेतो. माझी झाडं खरंच मोठी आहेत.

---

इचलकरंजीची_ठसका | २४ मे

धागा वर काढतेय. १५ पैकी १३ जगली. ४ बाल्कनीत १० लिटरच्या कुंड्यांत, सोफी उलटल्यावर काढली. बाकीची ऑफिसात वाटली. माश्या एप्रिलच्या मध्यात संपल्या. आता पाणी साधारण चार दिवसांनी, गरम असेल तर दोन. काटा परत स्वयंपाकघरात गेला, हाताला वजन कळायला लागलंय.

पहिली कळी काल दिसली. जात कुठली ते अजून कळलेलं नाही. दादा, फोटो टाकला तर पानावरून सांगाल का?

---

रोपवाटिका_फलटण | २५ मे

पानावरून नाही सांगता येत ताई. मिरची लागू द्या. वर तोंड करून लागली तर लवंगीसारखी एखादी असेल, लोंबली तर बघू. एक आजोबांना द्या.