उंची 6 फूट 2 इंच, वजन 118 किलो : पहिली सायकल कोणती घ्यावी?

ताडमाड

नमस्कार. माझे वय 41 असून मला सायकल अजिबात चालवता येत नाही, हे आधीच कबूल करतो. लहानपणी घरात एकच सायकल होती आणि ती वडील कामावर घेऊन जात. बरोबरीची मुले दांडीखालून पाय घालून शिकत होती तेव्हा ती संधी हुकली, आणि आठवीपर्यंत माझी उंची एवढी वाढली की सगळ्यांसमोर पडत-धडपडत शिकण्याची लाज वाटू लागली. आता गुडघे कुरकुरू लागल्यामुळे डॉक्टरांनी चालण्याऐवजी सायकल सुचवली आहे.

दोन दुकाने पाहून झाली. पहिल्या दुकानात मला 26 इंची चाकांची, पुढे-मागे शॉकर असलेली, 21 गिअरची सायकल दाखवली गेली. सीट उंच करता करता दांड्यावरची मर्यादेची खूण बाहेर दिसू लागली, तरी गुडघे हँडलला लागतच होते. दुसऱ्या दुकानदारांनी ‘कुठलीही सायकल दीडशे किलो सहज ओढते’ असे सांगितले. ते बिलावर लिहून द्याल का, असे विचारल्यावर ते फक्त हसले.

मी निगडी प्राधिकरणात राहतो. रस्ते रुंद आणि सकाळी बऱ्यापैकी मोकळे असतात. सराव झाल्यावर सात किलोमीटरवरच्या ऑफिसला सायकलने जाण्याचा विचार आहे आणि खर्चाची तयारी 30 हजारांपर्यंत आहे. माप कसे ठरवावे, माझ्या वजनाने नेमके काय मोडू शकते, आणि शिकण्यासाठी आधी एखादी जुनी सायकल घ्यावी का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मेकॅनिकचा मुलगा

दुकानात तुम्हाला गिअर मोजून दाखवले गेले, पण तुमच्यासाठी महत्त्वाचे आहे ते मागचे चाक. वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते आणि माझी सुट्टी तिथेच जात असे. वजनदार माणसाची सायकल दुरुस्तीला आली की वडील आधी मागचे चाक उचलून फिरवून बघत, आणि बहुतेक वेळा दुखणे तिथेच सापडे.

आधी मापाचे बोलू. उंचीपेक्षा पायांची लांबी महत्त्वाची असते. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा, एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक पायांच्या मध्ये सीटसारखे वर घट्ट दाबून धरा, आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर कोणाकडून तरी सेंटिमीटरमध्ये मोजून घ्या. या आकड्याला 0.226 ने गुणले की माउंटन सायकलच्या फ्रेमचे इंचातले माप ढोबळमानाने मिळते, आणि हायब्रिडची (रस्त्यावरची आणि माउंटन यांच्या मधल्या प्रकारच्या सायकलची) फ्रेम त्याच्या आसपास किंवा किंचित मोठी चालते. तुमच्या उंचीला ते 20 ते 22 इंचांच्या दरम्यान येईल असा माझा अंदाज आहे. ‘एल’ आणि ‘एक्सएल’ या अक्षरांवर मात्र विसंबू नका, कारण एका कंपनीचे एक्सएल हे दुसरीचे एल असू शकते. सायकल दोन पायांमध्ये घेऊन सपाट जमिनीवर उभे राहिल्यावर आडव्या दांडीच्या वर चार-पाच सेंटिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. सीटच्या दांड्यावरची जी खूण तुम्हाला दिसली, तिच्यावर सीट चढवून चालवल्यास दांडा वाकतो किंवा फ्रेमची नळी तडकते, त्यामुळे ती सायकल तुमची नव्हेच.

आता वजन. सायकलवर बसलेल्या माणसाचे साधारण 60 टक्के वजन मागच्या चाकावर येते, म्हणजे तुमच्या बाबतीत 70 किलो आणि शिवाय सायकलचा स्वतःचा भार. फ्रेम सहसा मोडत नाही. तुटतात ते मागच्या चाकाचे स्पोक, आणि तेही बहुधा चेनच्या बाजूचे, हबजवळच्या (चाकाच्या मधल्या गाभ्याजवळच्या) वाकणात. ते एका फटक्यात तुटत नाहीत. ढिले राहिलेले स्पोक चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात थोडे सैल आणि पुन्हा ताठ होत राहतात आणि शेवटी तार थकते. म्हणून मागच्या चाकाला किमान 32, मिळाल्यास 36 स्पोक असावेत आणि रिम दुहेरी भिंतीची असावी. दिसायला छान म्हणून कमी स्पोकची चाके घेऊ नका.

दुसरी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. स्वस्त गिअरच्या सायकलींमध्ये मागचे दाते फ्रीव्हीलवर, म्हणजे हबवर आट्याने बसवलेल्या वेगळ्या भागावर, असतात. त्या रचनेत चेनच्या बाजूचे छर्रे हबच्या बरेच आत असतात, बाहेरचा एक्सल (चाकाचा आस) आधाराविना राहतो, आणि जड माणूस खड्ड्यातून गेला की तो वाकतो. कॅसेट पद्धतीच्या, म्हणजे दाते हबच्याच भागावर सरकवून बसवलेल्या, हबमध्ये छर्रे टोकाजवळ असल्याने ही अडचण जवळजवळ नाहीशी होते. मागे सात गिअरपर्यंतच्या सायकलींत बहुधा फ्रीव्हील आणि आठ-नऊच्या चांगल्या सायकलींत बहुधा कॅसेट असते, तरी खात्री करूनच घ्या.

शॉकर टाळा. या किमतीतला पुढचा शॉकर तुमच्या वजनाने बसल्या बसल्याच निम्मा दबून राहील, सायकलचे वजन दोनेक किलोंनी वाढेल, आणि मागचा शॉकर तर पायाची निम्मी ताकद खाऊन टाकील. साधा ताठ चिमटा (पुढचे चाक धरणारा फोर्क) आणि 40 मिलिमीटर किंवा अधिक रुंदीचे टायर हाच तुमचा खरा शॉकर. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत वजनाची मर्यादा छापलेली असते. ती वाचताना हे पाहा की आकडा फक्त स्वाराचा आहे की सायकल व सामान धरून, कारण या दोन्हींत पंधरा-वीस किलोंचा फरक सहज पडतो.

जुनी काळी सायकल

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु एवढ्या खटाटोपाची गरज आहे का, असा नम्र प्रश्न विचारावासा वाटतो. आपली साधी काळी सायकल, म्हणजे 28 इंची चाकांची आणि मागे 40 स्पोकची, याच कामासाठी बनलेली आहे. दूधवाल्यांनी तिच्यावर दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लटकवून पिढ्यान्‌पिढ्या गावे ओलांडली. उंच माणसासाठी तीत 24 इंची फ्रेमही निघत असे. किंमत तुमच्या अंदाजाच्या पाव भागातही बसेल, आणि कुठल्याही नाक्यावर तिची दुरुस्ती होते.

मेकॅनिकचा मुलगा

चाकाबद्दल तुमचे म्हणणे शंभर टक्के मान्य आहे. 40 स्पोकचे ते चाक म्हणजे वजनाचे गणित अनुभवाने सोडवल्याचा पुरावाच आहे. पण नवशिक्याला मी ती सायकल तीन कारणांनी सुचवणार नाही. एक तर रॉड ब्रेकचे रबर लोखंडी रिमवर पावसात जवळजवळ पकडतच नाही, आणि 118 किलोचा माणूस उतारावर थांबवायचा असेल तेव्हा ही गोष्ट गंमतीची राहत नाही. दुसरे म्हणजे सायकलच वीस किलोंच्या आसपास असते आणि गिअर एकच, त्यामुळे चढावर सगळा जोर गुडघ्यांवर येतो, आणि गुडघ्यांसाठीच तर हा उद्योग चालला आहे. शिवाय आज 24 इंची फ्रेम शोधायची म्हणजे जुन्या पेठांतल्या गोदामांची धूळ झाडावी लागेल. दूधवाले मात्र उतारावर ब्रेकपेक्षा स्वतःच्या चपलेवर जास्त भरवसा ठेवत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

सकाळची फेरी

मी वयाच्या 43 व्या वर्षी सायकल शिकले, त्यामुळे कोणती घ्यावी यापेक्षा कशी शिकावी यावर लिहिते. कोणी तरी मागून सीट धरून पळायचे, ही आपल्याकडची रीत मोठ्या माणसाला उपयोगाची नाही. तुमच्यामागे पळणाऱ्याचीच आधी काळजी वाटते. त्याऐवजी दोन्ही पायडल काढून ठेवावीत. 15 चा पाना लागतो, आणि डावे पायडल उलट आट्याचे असते, म्हणजे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सैल होते. हे ठाऊक नसल्यामुळे माझ्या यजमानांनी ते अर्धा तास आवळले होते.

मग सीट इतकी खाली करावी की बसल्या बसल्या दोन्ही तळवे जमिनीवर टेकतील, आणि अगदी नावापुरता उतार असलेल्या जागी पायांनी ढकलत पुढे जावे. नजर चाकाकडे न ठेवता दहा-पंधरा पावले पुढे ठेवावी. दोन्ही पाय उचलून सायकल पाच-सहा सेकंद सरळ जाऊ लागली की तोल आला असे समजावे. मला त्याला चार सकाळी लागल्या. त्यानंतर आधी एक पायडल, मग दुसरे. सीट रोज एक-दोन सेंटिमीटर वर न्यावी, आणि टाच पायडलवर ठेवल्यावर खालच्या टोकाला गुडघा सरळ होईल तिथे थांबावे. सीट खालीच ठेवून चालवण्याचा मोह होतो, पण त्याने गुडघे दुखतात.

मी शेजाऱ्यांच्या जुन्या सायकलवर शिकले आणि ते बरे झाले, कारण ती चार वेळा पडली. मला वाटते तुम्हीही तसेच करावे. सीटबद्दल एक सांगते, रुंद आणि मऊ लुसलुशीत गादी निवडू नका. बसायची दोन हाडे ज्या रुंदीवर टेकतात तेवढी रुंदी आणि थोडी घट्ट गादी हवी, फार मऊ असेल तर ती मधल्या नाजूक भागात रुतते. पहिले आठ-दहा दिवस कोणत्याही सीटवर दुखते, तेवढ्यावरून सीट बदलायला धावू नका.

ताडमाड

सर्वांचे मनापासून आभार. पुस्तक लावून माप घेतले, ते 91 सेंटिमीटर भरले, म्हणजे सूत्राने साडेवीस इंच. एका ठिकाणी 21 इंची हायब्रिड पाहिली. चिमटा ताठ, डिस्क ब्रेक, मागे 32 स्पोक, 700 बाय 40 चे टायर आणि मागे आठ गिअर आहेत. पुस्तिकेत मर्यादा 136 किलो लिहिली आहे. दांडीवर साधारण पाच सेंटिमीटर जागा राहते. पण मागे कॅसेट आहे की फ्रीव्हील, हे दुकानातल्या मुलाला सांगता आले नाही. ते बाहेरून ओळखता येते का? आणि जुनी घेऊन शिकावे, हा सल्ला मला पटतो आहे, पण माझ्या मापाची जुनी मिळत नाही. पुतण्याची 26 इंची सायकल तेवढी घरात आहे.

मेकॅनिकचा मुलगा

पुतण्याच्या सायकलचा एक्सल वाकवून भाऊबंदकी ओढवून घेऊ नका. लहान फ्रेमवर तोल शिकणे तुम्हाला उलट अवघड जाईल, कारण गुडघे हँडलला लागत राहतील. ताईंचा सल्ला सर्वसाधारणपणे योग्य आहे, पण तुमच्या मापाची जुनी सायकल मिळणे कठीण असल्यामुळे सरळ नवीवरच शिका. पडल्यावर ओरखडे उठतील, ते उठू द्या. आणि 136 किलोच्या आकड्यात सायकलही धरली असेल तर तुम्ही अगदी काठावर आहात, तेव्हा ऑफिसची बॅग, टिफिन आणि कुलूप यांचा हिशेब करूनच काय लादायचे ते ठरवा.

ओळखण्याची खूण सोपी आहे. मागचे चाक स्थिर ठेवून दाते हाताने उलटे फिरवा आणि त्यांच्या मधोमध जो खाचा असलेला गोल भाग दिसतो, त्याकडे पाहा. तो दात्यांबरोबर फिरत असेल तर कॅसेट, आणि तो जागेवरच राहून फक्त दाते फिरत असतील तर फ्रीव्हील.

कॅसेट असेल तर घ्या. हवा टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेच्या आत, मागे 60 ते 65 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) आणि पुढे त्यापेक्षा सात-आठ कमी ठेवा. ती अंगठ्याने दाबून न पाहता मीटर असलेल्या उभ्या पंपाने दर आठवड्याला तपासा. कमी हवेत खड्डा लागला की रिम आणि रस्ता यांत ट्यूब चिमटली जाऊन शेजारी शेजारी दोन भोके पडतात. तशा प्रकारचे पंक्चर दिसले की दोष काट्याला न देता पंपाकडे पाहावे. आणि पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर झाले की सायकल दुकानात नेऊन चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढून घ्या, कारण नवे स्पोक तोपर्यंत बसतात आणि सैल पडतात. तिथे उभे राहून मागच्या चाकाचे स्पोक दोन-दोन बोटांत दाबून पाहा, चेनच्या बाजूचे सगळे सारखे ताठ लागेपर्यंत सायकल ताब्यात घेऊ नका.