बारीक एंडमिल सेटरवर टेकवू नका

सीएनसी मशिनवर ०.३ मिमीच्या एंडमिलची (धातू कोरणाऱ्या बारीक फिरत्या टूलची) लांबी टच सेटरवरच (टूल टेकवून लांबी मोजणाऱ्या स्प्रिंगच्या साधनावर) घ्यावी, फक्त फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) कमी ठेवावा, असं सुचवलं जातं. मला ते पटत नाही. सेटरची स्प्रिंग दाबायला लागणाऱ्या जोरानेच कार्बाइडची (कठीण पण ठिसूळ) धार उडू शकते. नुसत्या डोळ्यांना कळत नाही, भिंगाखाली धरलं की कोपरा गेलेला दिसतो. त्यापेक्षा टूलला न टेकता किरणाने मोजणारा लेझर बरा. टूल फिरतं ठेवूनच मोजतो, त्यामुळे २० हजार आरपीएमला स्पिंडल (टूल धरून फिरवणारा दांडा) तापून जेवढा वाढतो तेही ऑफसेटमध्ये (मशिनमध्ये नोंदलेल्या टूलच्या लांबीत) येतं. मात्र टोकावर कुलंटचा (टूल थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) थेंब राहिला तर लेझर त्यालाच टूल समजतो. लांबी जास्त येते, पॉकेट (कोरलेला खळगा) उथळ निघतं. आमचा एक तांब्याचा इलेक्ट्रोड असाच वाया गेला. मोजण्याआधी हवा माराच, दर वेळी.