ख्यालाच्या जुन्या एलपींसाठी कार्ट्रिज कोणतं? द्रुत आली की आवाज फाटतो

तबकडी_रामबाग:
नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे, घरी बाबांच्या शंभरेक एलपी आहेत, बहुतेक ख्याल आणि थोडं नाट्यसंगीत. टर्नटेबलसोबत आलेलंच कार्ट्रिज (सुई बसते तो छोटा ठोकळा) लावलंय. अमीर खाँसाहेबांची मारवा-दरबारीची एलपी लावली की विलंबित अगदी स्वच्छ, बाबा डोळे मिटून बसतात, आणि मग ताना सुरू झाल्या की चरचर, आणि बाबांना नेमकं तेच ऐकायचं असतं. ऑर्टोफॉनचं टूएम रेड घेऊ, ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई, की पैसे जमवून व्हीएम९५एमएल? एकजण म्हणतोय सरळ एमसीच (मूव्हिंग कॉइल, वेगळ्या जातीचं कार्ट्रिज) घे. बाबा ८१ वर्षांचे आहेत, फार थांबायचं नाहीये.

बडोद्याचा_श्रोता:
अहो ही ख्यालाच्या एलपीची हमखास अडचण आहे. तबकडीच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंमी सरकते, लेबलपाशी जेमतेम २१, म्हणजे तेवढाच सूर निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला, आणि आपल्याकडे द्रुत येणार शेवटीच! तिथे सुईचं टोक बारीक हवं. रेड आणि ९५ई दोन्हींचं टोक इलिप्टिकल म्हणजे लंबगोल, रेडचं आउटपुट ५.५ मिलीव्होल्ट आणि ९५ईचं ४, त्यामुळे शेजारीशेजारी लावले तर रेड जोरात वाजतं आणि तेच चांगलं वाटतं, त्याला भुलू नका. माझं मत ९५एमएल, त्याचं टोक याहून बारीक. महाग आहे, पण कंपनी सुईचं आयुष्य १००० तास सांगते, ९५ईचं ३००. आत्ता जमत नसेल तर ९५ई घ्या, बॉडी तीच असते, पुढे नुसती सुई बदलायची.
एमसीचं म्हणाल तर डेनॉनचं डीएल-१०३ फार गोड वाजतं पण त्याचं टोक गोल, तुमच्या कामाचं नाही, शिवाय ०.३ मिलीव्होल्टला फोनो स्टेजही (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारा अँप) वेगळा लागेल.

जुना_इंदूरकर:
थांबा, आधी खर्च नको. वजनकाट्यावर ट्रॅकिंग फोर्स (सुईचा तबकडीवरचा भार) बघा आणि प्रोट्रॅक्टरवर (कार्ट्रिज सरळ बसवायची आखलेली पट्टी) मध्यापासून ६६ आणि १२१ मिमीला कार्ट्रिज रेषेत सरळ बसतंय का ते बघा. माझ्याकडे ते हेडशेलमध्ये (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज धरणारा भाग) ३ मिमी मागे बसलेलं होतं, मी दोन वर्षं तबकडीलाच दोष देत राहिलो. एमएल तर वाकडं बसलेलं अजिबात खपवून घेत नाही. आणि ही एलपी मोनो आहे, अँपला मोनोचं बटण असेल तर दाबा, खरखर बरीच कमी होते.

तबकडी_रामबाग:
काका, काट्यावर १.४ ग्रॅम निघालं, पुस्तिकेत २ लिहिलंय!! दोन्ही स्क्रू ढिले करून कार्ट्रिज पुढे घेतलं, हात नुसते थरथरत होते. आता शेवटचा बोटभर पट्टा सोडला तर ताना मोकळ्या येतायत, बाबांनी दरबारी दोनदा लावायला लावली. तेवढ्या पट्ट्यासाठी एमएल घेतोच. आता ते म्हणतायत माळ्यावरच्या ७८ (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या) पण काढ, त्या याच सुईवर चालतील ना?

जुना_इंदूरकर:
मुळीच लावू नका, सुई पण जाईल आणि तबकडी पण. ७८ची खाच रुंद असते, ३ मिलची (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक मिल) सुई लागते. ९५च्याच बॉडीला एसपी नावाची सुई बसते, तिला ५ ग्रॅम वजन, आणि नंतर एलपी लावायच्या आधी काटा परत २ वर आणायला विसरू नका. तुमच्या टर्नटेबलला ७८ची स्पीड आहे का ते आधी सांगा.