समोरचं माणूस आणि फोटो
'चित्र काढायला फोटो मिळत असताना समोर माणूस कशाला बसवायचं, डिजिटलवाल्यांना तर त्याची गरजच नाही' असं कुणीतरी म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. मी चित्रकारांसमोर आणि कॅमेऱ्यासमोरही मॉडेल म्हणून काम करते, शिवाय स्वतः टॅब्लेटवर चित्रं काढते. फोटोसाठी पोझ क्षणभर टिकली तरी भागतं, म्हणून श्वास रोखून, पोट आत ओढून देता येते. २० मिनिटांच्या बैठकीत ते शक्य नाही. एका पायावर भार घेतला की त्या बाजूची कंबर वर जाते, खांदा उतरतो, आणि टाच बधिर व्हायला लागली की शरीर आपसूक तोल शोधतं. विश्रांतीआधी पावलांभोवती खडूने खुणा करतात. पण त्याच खुणांत परत उभं राहिलं तरी आधीची ढब तंतोतंत येत नाही. चित्रकाराला हे सगळं दिसत असतं.

आणि लेन्सचं काय? अगदी जवळून, वाइड लेन्सने काढलेल्या माझ्याच एका फोटोवर मी रेषा गिरवल्या होत्या. रेषांखालचा फोटोचा लेयर (थर) बंद केला, तर पुढे केलेला पंजा डोक्यापेक्षा मोठा! आता आधी आरशासमोर तीच पोझ घेते, भार कुठे पडतोय ते बघते, मगच स्टायलस (टॅब्लेटचा पेन) हातात धरते.