सल्ला हवा: ‘फाउंड्रीसाइड’चा दुसरा भाग घ्यावा का? (बजेट ५०० रुपये)

कडक_भाकरी
नमस्कार मंडळी. रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांची ‘फाउंड्रीसाइड’ ही जादूची कादंबरी मागच्या महिन्यात संपवली. मी इंग्रजीत वाचत होते आणि रोज रात्री जेवणं झाली की त्या दिवसाचा भाग बाबांना मराठीत सांगत होते. बाबांनी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात २८ वर्षं जकार्डची कार्डं पाडली, म्हणजे नक्षीसाठी मागाला लावायच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडली. जादू, राक्षस, परी असल्या गोष्टी ते कधी ऐकत नाहीत. पण यातली जादू ऐकून उठून बसले. गाडीच्या चाकावर खुणा कोरायच्या आणि चाकाला पटवून द्यायचं की तू उतारावर आहेस. मग सपाट रस्त्यावरही ते आपोआप पळतं. बाबा म्हणाले, "हे तर आमचंच काम झालं. भोक असेल तिथला हूक वर, नसेल तिथला खाली. मागाला फूल कळत नाही, त्याला फक्त भोक कळतं."

आता त्यांना पुढचं ऐकायचंय. ‘शोअरफॉल’ घेऊ का? दुसरे भाग पुष्कळदा नुसते ताणलेले असतात, म्हणून विचारते. बजेट ५००. प्रत छापीलच हवी. पुस्तक हातात धरून आपण कुठवर आलो ते बघायला बाबांना आवडतं, म्हणून ई-बुक नको. सोलापुरात मिळालं तर उत्तमच.

होटगीरोडकर
ताई, सरळ किंडल घ्या. मी पेपरव्हाइट २०१८ पासून वापरतोय. उन्हाळ्यात गच्चीवर झोपताना दिवा न लावता वाचतो, डास येत नाहीत. दोनशेच्या वर पुस्तकं आहेत त्यात. एकदाच पैसे जातात, नंतर तुम्हीच माझं नाव काढाल.

कडक_भाकरी
दादा, छापील हवंय असं लिहिलंय वर. आणि बजेटही.

धातूपुराण
बेनेट राहू द्या, ब्रँडन सँडरसन यांची ‘मिस्टबॉर्न’ घ्या. तीन भागांचा संच, २००६ ते २००८ मध्ये आलेला, गोष्ट तिथे पूर्ण होते. माणसं धातू गिळतात आणि पोटात ‘जाळतात’. पोलाद जाळलं की समोरचा धातू ढकलता येतो, लोखंड जाळलं की ओढता येतो. ढकलणाऱ्यापेक्षा ती वस्तू जड असेल तर माणूसच मागे फेकला जातो. वजनाचा हिशोब चोख. नियमांची जादू म्हणजे काय हे सँडरसन यांच्याकडूनच शिकावं. २००७ मध्ये त्यांनी यावर निबंधही लिहिला. वाचकाला जादू जेवढी समजलेली असते, तेवढ्याच प्रमाणात लेखकाने तिच्या जोरावर अडचणी सोडवाव्यात, असं त्यात म्हटलंय. माझ्याकडे तिन्ही भाग हार्डबाउंड आहेत, कपाटात पहिल्या फळीवर.

हुतात्मा_वाली
कडक_भाकरी, घ्या. विचारच करू नका.

मी सोलापूरची, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. ‘शोअरफॉल’ हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये दोन खेपांत वाचली. पहिल्या खेपेला दौंड कधी गेलं ते कळलं नाही. तुमच्या बाबांना का आवडेल ते सांगते.

पहिल्या भागात आपण नियम शिकतो. प्रत्येक वस्तूवर सगळी आज्ञा लिहिणं शक्य नसतं, म्हणून लांबलचक व्याख्या एका अवाढव्य यंत्रात ठेवलेल्या असतात. त्याचं नाव लेक्सिकॉन. वस्तूवर फक्त छोटी खूण असते, ती लेक्सिकॉनमधल्या व्याख्येला हाक मारते. लेक्सिकॉनपासून फार लांब गेलात की खूण मुकी होते. आमच्या धंद्यात हे रोज चालतं.

दुसऱ्या भागात बेनेट यांनी नवी जादू आणलेली नाही, आणि मला याचंच सगळ्यात कौतुक आहे. जुनेच नियम घेतलेत आणि ते शेवटपर्यंत नेले तर काय होईल, एवढंच विचारलंय. दोन वस्तूंना ‘तुम्ही एकच आहात’ असं पटवता येतं, मग एकीला जे होतं ते दुसरीलाही होतं. ठीक आहे. पण मग खुद्द लेक्सिकॉनलाच असं पटवलं तर? आणि माणसांना? एकेक प्रश्न असा येतो की वाटतं, अरे, हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, सगळं तर समोरच होतं. सुरुवातीचा दरोडा याच कल्पनेवर उभा आहे आणि पुस्तकभर ती वाढत जाते.

शिवाय खलनायक. क्रासिडीस मॅग्नस. पहिल्या भागात त्याच्या नुसत्या दंतकथा आहेत, इथे तो स्वतः येतो. ओरडत नाही, शांतपणे बोलतो. त्याचं म्हणणं असं की माणसाने काहीही नवं शोधलं तरी ते शेवटी दुसऱ्याला गुलाम करायलाच वापरलं जातं. नायिका सान्सिया आणि तिची माणसं नेमकं उलट करू बघतायत, मोठ्या घराण्यांनी कोंडून ठेवलेली विद्या सगळ्यांना वाटायची. म्हणजे खरं भांडण हे आहे. त्याला उत्तर देता येत नाही तेव्हा पोटात गोळा येतो.

उणं काय ते पण सांगते. गोष्ट थोड्याच दिवसांत घडते, त्यामुळे मधे श्वास घ्यायला जागा नाही. तिचा साथीदार ग्रेगॉर, त्याचा भाग जड जातो. शेवट काळोखा आहे, तिसरा भाग हातात नसेल तर रुखरुख लागते.

धातूपुराण
शेवट काळोखा हे आधीच सांगून टाकलंत! रहस्य फोडायच्या आधी इशारा द्यायचा असतो.

हुतात्मा_वाली
काय घडतं ते सांगितलेलं नाही. वयस्कर माणसाला रात्री झोपताना ऐकवायचंय त्यांना. हे माहीत असलेलं बरं.

तिलिस्मी
तुम्ही मंडळी इंग्रजीतून आणताय ते देवकीनंदन खत्रींनी १८८८ मध्ये ‘चंद्रकांता’त करून ठेवलंय. तिलिस्म म्हणजे मंत्र नव्हे, कारागिरांनी बांधलेली यंत्रं. कळ दाबली की दार उघडतं, पुतळा हलतो, आणि तिलिस्म तोडायची रीत पोथीत लिहून ठेवलेली असते. आणि पुढचा भाग म्हणाल तर ‘चंद्रकांता संतति’, २४ भाग! मी शाळेत असताना ती वाचण्यासाठी हिंदी शिकलो. ५०० रुपयांत होईल. वडिलांना हिंदी येत असेलच, ते स्वतः वाचतील. मुलीच्या तोंडाकडे बघत बसावं लागणार नाही.

कडक_भाकरी
काका, सुचवणी छान आहे, ‘चंद्रकांता’ नक्की लिहून ठेवते. पण मुलीच्या तोंडून ऐकणं हे बाबांना कमीपणाचं वाटत नाही. दिवसभरातला तेवढाच वेळ आम्ही दोघं बोलतो.

विडी_घरकुल
पुस्तकाचं माहीत नाही, पण जकार्डचं निघालंय म्हणून लिहितो. आमच्याकडे चार माग होते, आता एकही नाही. कार्ड पाडणारे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, सगळं कॉम्प्युटरवर. ‘सोलापुरी चादर’ला भौगोलिक मानांकन मिळालं तरी बाहेरगावची चादर आपल्या नावाने विकतात ती विकतातच. घेताना लेबल बघत जा.

होटगीरोडकर
चादरीचा धागा वेगळा काढा की ओ. ताई, किंडलवर पहिलं प्रकरण फुकट वाचायला मिळतं.

हुतात्मा_वाली
वेगळा कशाला? जकार्ड नावाच्या कारागिराने १८०४ मध्ये ती कार्डं मागावर बसवली, पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी तीच कल्पना उचलली. या धाग्यात पुस्तकाच्या सगळ्यात जवळचं कुणी बोललं असेल तर ते यांचे बाबा आणि हे विडी घरकुलवाले.

अर्थसी_१९६८
माझं मत वेगळं. नियमांत बसवली की जादू उरतच नाही, ते इंजिनीअरिंग झालं. उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’त वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर सत्ता चालते, आणि त्या सत्तेचं ओझं नायकाला वाहावं लागतं. तिथे मौन आहे. पुस्तक पातळ, पाऊणदोनशे पानं. दुसरा भाग ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ १९७१ चा, तो तर पहिल्याहून सरस. दुसरे भाग ताणलेले असतात हा तुमचा समज त्याने जाईल.

हुतात्मा_वाली
खरं नाव आणि कोरलेली खूण यात एवढं अंतर आहे का? दोन्हीकडे भाषेनेच वस्तू वाकते. ओझंही दोन्हीकडे आहे.

अर्थसी_१९६८
अंतर आहे. एकीकडे ऐकावं लागतं, दुसरीकडे फसवावं लागतं.

बाळीवेस
मी घेतली होती ‘शोअरफॉल’. ऑनलाइन, फार स्वस्त दिसली म्हणून. आली ती झेरॉक्स काढल्यासारखी, शाई हाताला लागायची, मधली तीसेक पानं दोनदा आणि त्यापुढची गायब. परत पाठवायची मुदत टळून गेली होती कारण पहिला भाग संपेपर्यंत मी ती उघडलीच नव्हती. त्यामुळे सांगते, आल्या दिवशी सगळी पानं चाळून बघा. आणखी एक, अमेरिकन आवृत्ती डेल रेची आणि ब्रिटिश जो फ्लेचर बुक्सची, मुखपृष्ठं वेगळी. पहिला भाग ज्यांचा आहे त्यांचाच दुसरा घ्या, नाहीतर शेजारी ठेवल्यावर डोळ्यांना खुपतं.

सातरस्ता
हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारलंत का? नसेल तर मागणी नोंदवून या. नवी पेठेतल्या दुकानांत इंग्रजी कादंबरी म्हटलं की दहा-बारा नेहमीचीच नावं पुढे करतात, मी दोनदा हात हलवत परत आलोय. सगळे म्हणतायत तेच मीही म्हणतो, ई-बुक घ्या किंवा थांबा.

धातूपुराण
किंवा ‘मिस्टबॉर्न’. तिन्ही भाग एकदम मिळतात, रुखरुख नाही.

कडक_भाकरी
सगळ्यांचे आभार. परवा रात्री बाबांना हा धागा वाचून दाखवला, प्रत्येकाचं मत. विडी घरकुलवाल्यांचं ऐकून बराच वेळ गप्प होते, मग त्यांना कारखाना कुठला होता ते विचार म्हणाले. हुतात्मा_वालींनी लेक्सिकॉनचं लिहिलंय ते त्यांना फार पटलं, पण त्यांची शंका अशी की व्याख्याच चुकीची भरली गेली तर? एकदा त्यांच्या हातून एका कार्डाला एक भोक जास्त पडलं होतं, आणि अख्ख्या ताग्यात प्रत्येक मोराच्या मानेवर तोच एक दोरा वर आला. चादर विणून खाली येईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. "त्या गोष्टीत असं कुणाकडून होतं का ते बघ," म्हणाले.

किंडल घेत नाहीये, संचही नाही, थांबतही नाही. ‘शोअरफॉल’च मागवली, छापील, जो फ्लेचरची, कारण आमचा पहिला भाग त्यांचाच आहे. ६४० ला पडली. ५०० च्या वर गेले ते १४० बाबांनी त्यांच्या पाकिटातून काढून दिले, मी नको म्हणत असताना. पार्सल आज आलं. बाळीवेस ताई, पानं सगळी मोजली, बरोबर आहेत.

हुतात्मा_वाली
बाबांच्या शंकेचं उत्तर पुस्तकात आहे. यापुढे मी एक अक्षर लिहिणार नाही.

विडी_घरकुल
कारखाना अक्कलकोट रोडला होता, एमआयडीसीत. बाबांना सांगा, १९९४ पर्यंत.

होटगीरोडकर
६४० मध्ये ई-बुक घेऊन वर पैसे उरले असते.