टायटल वन शाळेतली मदत पगार पाहून मिळते का?

सोनचाफा:
गेल्या आठवड्यात दुसरीतल्या मुलीच्या दप्तरातून शाळेचे पत्र निघाले. आमची शाळा 'टायटल वन स्कूलवाइड' असल्याचे त्यात म्हटले होते आणि पालकसभेचे निमंत्रणही होते. अमेरिकेत येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झाले आहे. इंग्रजी वाचताना 'टी' आणि 'एच' शेजारी आले की मुलगी हमखास अडखळते. मात्र 'टायटल वन' हा शाळांना मिळणारा फेडरल (केंद्र सरकारचा) निधी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी असल्याचे ऐकले आणि आमचे उत्पन्न तर शाळेतल्या मोफत जेवणाच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे. अशा वेळी वाचनाची जादा मदत मागणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले उचलणे होईल का?

खडूफळा:
निःसंकोच मागा. शाळेला निधी मिळतो तो गरिबीच्या प्रमाणावर, पण मुलाला मदत मिळते ती अभ्यासातली अडचण पाहून. शाळेतली किमान ४० टक्के मुले कमी उत्पन्नाच्या घरांतली असली, की तो पैसा संपूर्ण शाळेच्या सुधारणेसाठी वापरता येतो. तुमच्या पत्रातल्या 'स्कूलवाइड'चा अर्थ हाच. जिथे तसे नसते, तिथे ठरावीक मुले निवडली जातात, पण तीही साधारणपणे अभ्यासात मागे पडण्याचा धोका पाहूनच. मी स्वतः अशा निधीतून वाचन शिकवते. माझ्या टेबलाभोवती एका वेळी चार मुले बसतात आणि त्यांच्यापैकी कोणाचे वडील काय कमावतात, हे मला ठाऊकही नसते. अर्थात सर्वांना खुले म्हणजे सर्वांना सारखे नव्हे. सर्वांत मागे असलेल्या मुलांकडे आधी लक्ष द्यावे, अशीच कायद्याची अपेक्षा आहे.

हिशेबनीस:
थोडी पैशाची बाजू सांगतो, कारण मी काही वर्षे एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या (एका भागातल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) अंदाजपत्रकाचे काम केले आहे. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केलेल्या शिक्षण कायद्याचा हा पहिला भाग असून त्यातून आता वर्षाला सुमारे १८ अब्ज डॉलर वाटले जातात. आकडा डोळे दिपवणारा असला, तरी शाळांचा बहुतेक खर्च राज्ये आणि स्थानिक मालमत्ता कर यांतूनच भागतो. डिस्ट्रिक्टचा वाटा ठरवताना मुख्यतः जनगणना विभागाचे ५ ते १७ वयोगटातल्या गरीब मुलांचे अंदाज चार वेगवेगळ्या सूत्रांत घातले जातात (ती सूत्रे समजावून सांगायला लागलो तर रात्र सरेल). पुढे डिस्ट्रिक्ट आपल्या शाळांची गरिबीनुसार क्रमवारी लावते आणि ७५ टक्क्यांहून अधिक प्रमाण असलेल्या शाळांना आधी पैसा द्यावाच लागतो. या क्रमवारीसाठी बहुधा जेवणाच्या सवलतीची आकडेवारी वापरतात. आमच्याकडे ते फॉर्म भरायला पालक लाजत, त्यामुळे खरोखर गरजू शाळा कागदावर सुस्थितीत दिसायची आणि तिचा वाटा घटायचा.

पाटीपेन्सिल:
वरचे सारे मान्य आहे, पण 'स्कूलवाइड' शब्दावर विसंबून राहू नका. आमच्या शाळेत हा पैसा आधीच चालू असलेल्या कामांवर खर्च होत होता आणि वाचनाच्या तासाची यादी मात्र लांबतच गेली. हा निधी राज्याच्या व स्थानिक पैशात भर घालण्यासाठी असतो, तो पैसा काढून घेऊन त्याची जागा भरण्यासाठी नव्हे. म्हणून यंदा नवे काय सुरू झाले, हे सभेत जरूर विचारा. वर्षाला ५ लाख डॉलरहून अधिक निधी घेणाऱ्या डिस्ट्रिक्टला किमान १ टक्का पालकसहभागासाठी राखावा लागतो आणि तो कसा खर्चावा, यात पालकांचे मत घेणे बंधनकारक आहे.

सोनचाफा:
मनःपूर्वक आभार. सभा गुरुवारी आहे. मुलीच्या वाचनचाचणीचे गुण आणि लहान गटात जागा कधी मिळेल हे लेखी मागणार आहे. पाटीपेन्सिल यांचा प्रश्नही वहीत उतरवून ठेवला आहे.