साडेचार महिन्यांच्या बाळाचा पहिला प्रवास: बाबागाडी, कॅरियर की घडीचा पलंग? एकच वस्तू घेता येणार आहे

पहिलटकरीण
आमची मुलगी साडेचार महिन्यांची आहे आणि जन्मानंतर दवाखान्यातून घरी आल्यापासून तिने एकही रात्र घराबाहेर काढलेली नाही. पुढच्या महिन्यात माझ्या आजीला तिची पणती दाखवायला न्यायची आहे. आजीचे वय ९१ असल्यामुळे तिला आमच्याकडे आणणे शक्य नाही. मोटारीने साधारण ७ तासांचा रस्ता आहे आणि तेथे ५ रात्री राहायचे आहे.

मागे तोंड करून बसवायची कार सीट आमच्याकडे आहे आणि ती नवीनच आहे. घरातला तिचा लाकडी पलंग हलवता येत नाही. बाबागाडी, पोटाशी बांधायचे कॅरियर आणि प्रवासात नेण्याचा घडीचा पलंग या तिन्हींपैकी फक्त एकच वस्तू आम्हाला परवडणार आहे. दुसरी वस्तू हप्त्याने घेण्याचीही आमची तयारी नाही. जी घेऊ ती नंतर घरीही वापरात राहावी अशी इच्छा आहे.

मुलगी एकंदरीत शांत आहे, पण नवा आवाज तिला सोसत नाही. मिक्सर सुरू झाला की ती आधी माझ्या तोंडाकडे बघते, मग ओठ काढते आणि मी हसले नाही तर रडते. म्हणून अनोळखी घराची मला जरा धास्तीच वाटते. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

दोन मुलांचा बाबा
निःसंशय बाबागाडी घ्या, आणि घ्यायचीच तर मोठ्या चाकांची, पाठ पूर्ण आडवी होणारी घ्या. आम्ही त्या वेळी सर्वांत भारी गाडी घेतली होती. दोन्ही मुले तीत वाढली आणि तिचे एक चाकही आजवर बदलावे लागलेले नाही. घरात दुपारची झोपही मुले तीतच घेत असत. बाहेर ऊन लागू लागले की मी वरून पातळ दुपटे टाकत असे आणि मुले तासभर गाढ झोपत. शक्य असेल तर सोबत पावसाचे आवरण आणि पाय झाकायची पिशवीही घ्यावी, कारण त्यांच्याशिवाय गाडीचा पुरता उपयोग होत नाही.

जुळ्यांची आई
ताई, बाबागाडीवर दुपटे टाकण्याचा सल्ला कृपया मानू नका. कापड कितीही पातळ असले तरी आतली हवा खेळती राहत नाही आणि उन्हात आतले तापमान झपाट्याने वाढते. बाहेरून बघणाऱ्याला ते कळतही नाही. गाडीचे छत्र पुढे ओढावे, सावलीतून चालावे आणि बाळाच्या मानेला मागून हात लावून ती तापली आहे का ते बघावे.

आमची बाबागाडी पहिल्याच सहलीत जिन्यापाशी अडून बसली. दोन बाळे, सामान आणि वर ती गाडी उचलताना माझ्या नवऱ्याची कंबर धरली. दुकानदाराने ती परत घेण्यास साफ नकार दिला आणि तेव्हापासून ती माळ्यावर पडून आहे. माझे मत कॅरियरला आहे. घरी मुलगी किरकिर करू लागली की छातीशी बांधून दोन्ही हातांनी कामे करता येतात, आणि अनोळखी घरात तिला आईचा वास व ठोके तेवढे ओळखीचे राहतात. बांधताना तिचे तोंड सतत दिसले पाहिजे, मान वाकवून माथ्याचा पापा घेता येईल इतकी ती वर असली पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकता कामा नये. गुडघे कुल्ल्यांपेक्षा किंचित वर राहिले म्हणजे खुब्यांवर ताण येत नाही. माझ्याकडे एक लांब कापडाचे आणि एक पट्ट्यांचे अशी दोन आहेत आणि दोन्ही असावीत असे मी सुचवेन.

निवृत्त परिचारिका
लहान मुलांच्या विभागात मी ३४ वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे अधिकाराने लिहिते. हिंडण्याफिरण्याची सोय कशीही होते, ५ रात्री बाळ झोपणार कशावर हा प्रश्न आधी सोडवायला हवा. पाहुण्यांच्या घरी बाळाला मोठ्यांच्या मऊ गादीवर उशांचा बांध घालून झोपवतात आणि तेच सर्वांत धोक्याचे असते. बाळ पाठीवर, टणक आणि सपाट पृष्ठभागावर झोपले पाहिजे, आणि पहिले वर्षभर जवळ उशी, लोड, जाड पांघरूण किंवा मऊ खेळणे नको. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत झोपेतल्या आकस्मिक बालमृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, इतकी ही साधी गोष्ट मोलाची आहे.

म्हणून माझे मत घडीच्या पलंगाला आहे. त्याच्यासोबत येते तेवढीच पातळ गादी वापरावी. ती टणक लागते म्हणून वर दुसरी मऊ गादी घालू नये, कारण कडेला फट राहते आणि बाळाचे तोंड त्या फटीत जाऊ शकते.

दुसरे म्हणजे ७ तास सलग प्रवास करू नका. कार सीट ही प्रवासापुरती आहे, ती झोपण्याची जागा नव्हे. दर २ तासांनी, किंबहुना त्याआधीच थांबून बाळाला बाहेर काढावे आणि थोडा वेळ सपाट जागी आडवे करावे.

दोन मुलांचा बाबा
परिचारिकाताईंचा आदर राखून सांगतो की आमची दोन्ही मुले कार सीटमध्ये रात्र रात्र झोपली आहेत. मुक्कामाला पोहोचल्यावर आम्ही सीटच उचलून आत नेत असू, जेणेकरून झोपमोड होऊ नये. दोघेही आज ठणठणीत आहेत.

निवृत्त परिचारिका
आपली मुले सुखरूप आहेत याचा मला मनापासून आनंद आहे, परंतु जे आपल्या घरी घडले नाही ते दुसऱ्या घरी घडणार नाही असे म्हणता येत नाही. या वयात अंगाच्या मानाने डोके जड असते आणि मानेचे स्नायू कच्चे असतात. अर्धवट बसलेल्या स्थितीत डोके पुढे कलले की हनुवटी छातीला टेकते, श्वासाची अरुंद वाट चेपली जाते आणि बाळ त्या वेळी रडतही नाही. म्हणून प्रवासात बाळाशेजारी कोणी तरी जागे बसलेले असावे आणि पोहोचल्यावर झोपमोड झाली तरी चालेल, पण बाळाला सीटमधून काढावे.

चार नातवंडांचे आजोबा
साडेचार महिन्यांचे मूल म्हणजे आता सारे जग बघू लागणारे मूल. त्याला मागे तोंड करून बसवले तर त्याला फक्त सीटची पाठ दिसते. पुढे तोंड करून बसवा, म्हणजे झाडे, ढग, गुरे बघत प्रवास होईल. घरासाठी म्हणाल तर या तिन्हींपेक्षा वॉकर घ्यावा. दोनतीन महिन्यांत तो लागेलच, आणि आमची सगळी नातवंडे वॉकरमध्येच चालायला शिकली.

जुळ्यांची आई
आजोबा, आपल्या मायेविषयी शंका नाही, पण या दोन्ही गोष्टींना माझा विरोध आहे. मागे तोंड असले की धक्का बसताना तो सबंध पाठीवर विभागला जातो. पुढे तोंड असेल तर पट्ट्यांनी धड अडते आणि जड डोके पुढे फेकले जाऊन सगळा ताण मानेवर येतो. युरोपातल्या आर-१२९ नियमानुसार बनवलेल्या सीटमध्ये किमान १५ महिन्यांपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवावे लागते. पुढच्या आसनासमोरची एअरबॅग चालू असेल तर अशी सीट तेथे कधीही लावू नये, हेही याच ओघात लिहून ठेवते.

वॉकरबद्दल बोलायचे तर कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवर, आयातीवर आणि जाहिरातीवरही बंदी घातली आहे. मूल त्यात क्षणात जिन्यापर्यंत किंवा गरम भांड्यापर्यंत पोहोचते, आणि चालायला शिकण्यास त्याची काही मदत होत नाही. मुलाला जमिनीवर मोकळे सोडावे, पालथे पडू द्यावे, रांगू द्यावे.

नेहमी विमानाने जाणारी
प्रश्न मोटारीचा आहे हे मी वाचले आहे, तरीही पुढे उपयोगी पडेल म्हणून लिहिते. विमान खाली उतरू लागले की बाळाला अंगावर पाजावे. गिळण्याने घसा आणि मधला कान यांना जोडणारी नळी उघडते आणि कानातला दाब बाहेरच्या हवेशी जुळतो. उड्डाणापेक्षा उतरताना हे जास्त महत्त्वाचे असते. बाकी मीही कॅरियरच सुचवेन, कारण वर म्हटल्याप्रमाणे हात मोकळे राहतात.

पहिलटकरीण
सर्वांचे मनापासून आभार. आम्ही एकच वस्तू घेऊ शकतो हे मी पुन्हा नम्रपणे नमूद करते. आणखी एक शंका आहे. प्रवासात बाळाचा घसा कोरडा पडेल, म्हणून मधूनमधून चमच्याने पाणी द्यावे असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणत आहेत. द्यावे का?

निवृत्त परिचारिका
देऊ नये. पहिले ६ महिने फक्त आईचे दूध द्यावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि ती उन्हाळ्यालाही लागू आहे. दुधात पुरेसे पाणी असते आणि पाण्याने पोट भरले की बाळ तेवढे दूध कमी पिते. गरमी असेल तर अंगावर अधिक वेळा घ्यावे. मात्र पाजण्यासाठी गाडी थांबवावी. चालत्या गाडीत बाळाला पट्ट्यांतून काढून मांडीवर घेऊ नये.

एकटी आई
मी कोणतीही वस्तू सुचवत नाही, मी काय केले ते सांगते. माझा मुलगाही आवाजाला बिचकणारा होता. निघण्याआधी आठवडाभर मी त्याला रोज दुपारी घरातल्याच दुसऱ्या खोलीत, ज्या गादीवर तो तिकडे झोपणार होता तिच्यावर झोपवले. पहिले दोन दिवस त्याने रडून घेतले, तिसऱ्या दिवशी छताकडे बघत स्वतःशी हुंकारला आणि झोपला. निघताना त्याच्या गादीवरची चादर मी मुद्दाम न धुता नेली आणि तिकडे तीच घट्ट ताणून घातली. घडीचा पलंग मी एका मैत्रिणीकडून आठवडाभरासाठी मागून आणला होता. अशी वस्तू मागून आणता येते, फक्त तिचे सांधे आणि जाळी नीट तपासून घ्यावी. कार सीट मात्र कोणाची वापरलेली घेऊ नये, कारण ती अपघातातून गेलेली असली तर वरून ओळखू येत नाही.

तेथे पोहोचल्यावर पहिला अर्धा तास मुलाला कोणाच्याही हातात दिले नाही. माझ्या कडेवरून त्याने सगळ्यांना बघून घेतले, मग स्वतःच झेप घेतली. नातेवाईक थोडे नाराज झाले, पण तेवढे मी सोसले.

पहिलटकरीण
आम्ही दोघांनी बसून निर्णय घेतला आहे आणि तो सर्वांच्या सल्ल्याविरुद्ध आहे याची जाणीव आहे. तिन्हींपैकी काहीच घेणार नाही. ते पैसे वाटेतल्या एका मुक्कामाला घालणार आहोत, म्हणजे ७ तासांचा रस्ता दोन दिवसांत विभागला जाईल. तिच्या लाकडी पलंगातली पातळ, टणक गादी आणि चादर गाडीत मावते असे मोजून पाहिले, त्यामुळे ती तिकडे जमिनीवर घालता येईल. दुसऱ्या खोलीतला सराव आजपासून सुरू केला आहे.

दोन मुलांचा बाबा
निर्णय आपला आहे, पण मला तो पटला नाही. मुक्काम एका रात्रीत संपतो आणि वस्तू वर्षानुवर्षे टिकते.

निवृत्त परिचारिका
मी पलंगाचाच आग्रह धरला असता, तरी रस्ता विभागण्याचे मला फार समाधान वाटले. गादी खोलीच्या मध्यभागी घालावी, भिंत किंवा कपाट यांच्यालगत नको. हाताच्या अंतरात पडदा, वायर, पिशवी काहीही ठेवू नये, घरात कुत्रे-मांजर असेल तर दार लावून घ्यावे आणि रात्री उठणाऱ्याने आधी मंद दिवा लावूनच पाय टाकावा.

पहिलटकरीण
काल परत आलो. विचारणा झाली होती म्हणून सविस्तर लिहिते.

जाताना तिने गाडी चालू असताना त्रास दिलाच नाही, गाडी थांबली की मात्र ती जागी होत असे. थांबलो की मागच्या आसनावर दुपटे पसरून आम्ही तिला आडवे करत होतो आणि ती खिडकीतून दिसणाऱ्या फांदीकडे डोळे न हलवता बघत राहत असे. मुक्कामाची रात्र कठीण गेली. ९ वाजता सुरू झालेले रडणे ११ पर्यंत थांबले नाही, शेवटी दिवा मालवून मी तिच्या गादीशेजारी जमिनीवर आडवी झाले तेव्हा तिने चादर मुठीत धरली आणि झोपली. आजीच्या घरी मात्र पहिल्या रात्रीपासून नीट झोपली.

चूकही घडली. थंडी होती म्हणून परतताना एका नातलगाने तिला जाड जॅकेट घालून सीटमध्ये बसवले. पट्टे घट्ट दिसत होते, पण मी जॅकेट काढून बघितले तेव्हा खांद्याशी त्यांची चांगली चिमूट धरता येत होती. जॅकेट काढून पट्टे पुन्हा आवळले आणि पांघरूण पट्ट्यांच्या वरून घातले. कॅरियर असते तर एका संध्याकाळी माझी पाठ वाचली असती, हे जुळ्यांच्या आईंना प्रांजळपणे सांगते.

पणजी आणि पणतीची भेट मला वाटले होते त्यापेक्षा शांततेत झाली. आजीला कमी ऐकू येते, म्हणून ती बोलली नाही, नुसती चेहरा जवळ नेऊन बसली. मुलीने तिच्या चष्म्याची दोरी पकडली आणि सरळ तोंडात घातली. दोरी सोडवायला आजीने कोणालाच जवळ येऊ दिले नाही.

तिसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा पूर्ण पालथी पडली. एक हात अंगाखाली अडकला होता आणि तो तिने स्वतःच ओढून काढला, असे आजी सांगते. आम्ही दोघे बाहेर कपडे वाळत घालत होतो. आत आलो तेव्हा मुलगी मान वर करून दाराकडे बघत होती आणि आजी खुर्चीतून वाकून तिच्याकडे.